रकाना

हातागळे सरांचे दात गेले त्याच वर्षी
रोलिंग मिलचा भोंगाही बंद पडला.
आम्ही दोन्हीकडून बेसूर झालो.

तोवर चारच्या भोंग्याला
सर हात वर करायचे : थांबा. हा आपला पंचम.
आता याच्या खाली सा शोधा.
मिशन कंपाउंडातली पत्र्याची खोली, सात-आठ पोरं,
खिडकीतून मोसंबीच्या सालींचा आंबूस वास
आणि सगळ्यांत मिळून एकच सॅक्सोफोन.
आपली पाळी झाली की तोंड पुसून पुढच्याला द्यायचा.

वडील सनई वाजवायचे, लोकांच्या मांडवाबाहेर.
हे सर एकदाच बोलले, तेही रीड भिजवताना,
बोरूची चपटी काडी जिभेवर धरून,
त्यामुळं 'बाहेर' नीट ऐकू आलं नाही.
कळलं मात्र.

एकोणिसाव्या वर्षी मुंबई. हॉटेलातला जॅझ बँड,
कुणा फर्नांडिसच्या काविळीत मिळालेली खुर्ची.
कागदावरचे सूर वाचता येत नव्हते म्हणून
तीन महिने नुसतीच बोटं हलवली,
फुंकर न घालता.
पगार पूर्ण मिळाला.
"माझं सगळ्यात शुद्ध वादन ते," म्हणायचे.

मग अकरा वर्षं रात्री जॅझ,
सकाळी परळला एका म्हाताऱ्या सारंगियाकडे तालीम.
कळ अर्धीच दाबून, ओठ सैल सोडून
मींड काढायची,
जी त्या पितळेच्या पोटात नव्हतीच.
म्हातारा म्हणाला, रडतं बरं. आता गायला शिकव.

आम्हाला सांगायचे : तिकडं एक गंधार असतो बघा,
धड कोमल नाही, धड शुद्ध नाही.
दोन्ही घरचे हाकलतात त्याला.
उंबऱ्यावरून हलायचं नाही.
एवढं बोलून चहा मागवायचे, चौघांत दोन.

एकदा रेडिओच्या परीक्षेचा अर्ज भरला.
शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत, पाश्चात्त्य :
एकाच रकान्यात खूण करा.
सरांनी चारही रकान्यांतून पेन ओढलं,
न उचलता.
अर्ज परत आला. अपूर्ण.
तो त्यांनी सॅक्सोफोनच्या पेटीत अंथरला,
ओल शोषायला.

कवळी बसवली तेव्हा
पहिल्याच षड्जाला ती निसटून हातात आली.
सर इतके हसले की आम्हाला रडता येईना.
पुढं फक्त ऐकायचे, डोळे मिटून.
"काय वाजवायलास?"
एवढंच विचारायचे.
बहुतेक वेळा मलाच माहीत नसायचं.

मी काही त्यांचा चांगला विद्यार्थी नव्हे.
तो सुदेश उघडे. नेव्हीच्या बँडात आहे,
पांढऱ्या गणवेशातले फोटो पाठवतो.
मी गुलमोहर ब्रास बँड, भोकरदन नाका,
दोन नंबरचा सॅक्सोफोन.

मागच्या वैशाखात अंबडला वरात होती.
दिवेलागणीला जनरेटर बसला.
घोडी थांबली, पोरं नाचायची थांबली,
रस्त्याकडेच्या डीपीची गुणगुण तेवढी राहिली.
तिचाच सा धरला.
कोमल रिषभ लावला, मारव्याचा,
धैवतावर जरा टेकलो,
आणि न बोलावता तो आला,
उंबऱ्यावरचा गंधार.

झांजवाल्यानं झांजा पोटाशी धरल्या.
नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला केल्या.
ओट्यावरच्या एका बाईनं विचारलं,
"कोण गेलं रे?"

मी तोंडातून रीड काढली, सांगणार होतो,
तेवढ्यात जनरेटर चालू झाला.

मालकानं पन्नास रुपये कापले.
वहीत कारण लिहायचा रकाना असतो.
बराच वेळ पेन धरून बसला,
मग लिहिलं : इतर.