रात्रीची गुंडाळी

रात्र आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळते.
काळ्या कचरापिशव्यांची एक गुंडाळी,
वर चिकटपट्टी.
डिसेंबर लागला की दुकानदार न विचारताच काढून ठेवतो,
माझ्या कडेवरच्या इवोकडे बघतो,
म्हणतो, दोन घ्या, एक वारा नेतोच.

पुंता अरेनासचा वारा.
सोमवारी त्याने दोरीवरचा एक मोजा नेला,
बुधवारी परत आणून दिला,
कुणाचा तरी दुसराच.

साडेनऊ वाजलेत.
सामुद्रधुनीवर ऊन अजून पसरलेलं,
जणू कुणी दुपार आवरायची विसरलं.
माइते, वय चार, "आणि अर्धं",
पलंगावर उभी, एकाच पायात बूट:
"सूर्याची आई त्याला झोप म्हणत नाही."
सूर्याच्या आईला सहाला कामावर जायचं नसतं, मी म्हणते.
"ती काय काम करते?"
मी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी मोजते.
तीही चादरीच मोजत असेल, म्हटलं.
तिला पटलं.
हेच वाईट. एक पटलं की ती पुढचं विचारते.

इवोला खालचा दात येतोय,
म्हणजे तीन आठवडे नुसताच येतोय,
दारात उभं राहून गप्पा मारणाऱ्या
आणि आत न येणाऱ्या पाहुण्यासारखा.

सिरो गॅसच्या प्लॅटफॉर्मवर.
चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस इकडे.
फोनवर त्याचा चेहरा मध्येच थिजतो,
तोंड अर्ध्या शब्दावर उघडं.
माइते त्या थिजलेल्या बापालाही
गोष्ट शेवटपर्यंत सांगते.

मग पिशवी सुटली.
काचेवर अशी फडफडली
की झोपत आलेला इवो दचकून उठला,
त्याच क्षणी माइतेचा पेला आडवा झाला,
दूध गादीवर,
आणि मी ओरडले.
असं, की खालच्या मजल्यावरून
म्हाताऱ्या ओर्तेन्सियाने छताला झाडूचा दांडा लावला.
तो आवाज माझ्या आईचा होता.
मला वाटलं होतं, जाताना
ती तो सोबत घेऊन गेली.

न्हाणीघरात गेले. नळ सोडला.
टबाच्या कडेवर बसून चार मिनिटं रडले,
रडतानाही पाण्याचं बिल मोजत.

नळ बंद केला तर घर गप्प.
पोरांच्या घरातली शांतता चांगली नसते;
ती कुठेतरी काहीतरी फासत असते
किंवा गिळत असते.

जेवणाच्या टेबलावरून
सिरोचा जाड कोट आणि तीन टॉवेल लोंबत होते.
आतून आवाज आला:
"आई, चपला काढून ये. इथे रात्र आहे."

मी सरपटत आत.
इवो टक्क जागा,
हिरड्यांत तिच्या वेणीचं टोक.
"झोपला नाहीये," ती कुजबुजली,
"पण अंधार आवडलाय त्याला.
आणि तुझा चांगला टॉवेल दुधात गेला."

टेबलाच्या पोटावर निळ्या खडूचा एक ढग होता,
मी कधी पाहिलाच नव्हता.
कधीचा आहे हा, विचारलं.
"मी लहान होते तेव्हाचा."

मग तिने माझं कपाळ थोपटलं,
जरा जोरातच,
मी घाईत थोपटते तसं.
"मी ओरडणार नाही हं," म्हणाली.
"मला उद्या कामाला नाही जायचं."

तिघांत आधी कोण झोपलं, विचारू नका.

पहाटे साडेचारला जाग आली. मान आखडलेली,
दंडाखाली बूट. त्या एका पायातला.
कोटाच्या बाहीत उजेड शिरायला लागलेला,
आणि माझं बोट इवोच्या तोंडात.
बोटाला काहीतरी टोचलं.
दात असावा.
किंवा बिस्किटाचा तुकडा.
वाकून बघायला उजेड पुरेना,
या महिन्यात पहिल्यांदाच.