पहिला नंबर

बुकोममध्ये अजून भांडण चालूच आहे.
होड्या ओढताना, केंकीच्या टोपलीपाशी,
मयताच्या मांडवातसुद्धा:
ओडार्टे मोठा की आयिकू?

ओडार्टेचे पट्टे तीन. बेचाळीस लढती, हार नाही.
(समोर सगळे कच्चे लिंबू, म्हणतात आयिकूवाले.)
आयिकू पाचदा पडला.
पण कुणाला नाही म्हणाला नाही कधी;
लंडनला बरगडी मोडलेली,
बारावी फेरी उभ्यानं काढली.

मला विचारतात,
कारण दोघांची डोकी मीच भादरली.
मी काय सांगू?
कानामागं वस्तरा गेला की ओडार्टे
डोळे गच्च मिटायचा.
आयिकूला शेवटी शेवटी सुट्टे मोजता येईनात.
मी मोजून त्याच्या मुठीत ठेवायचो,
आणि मूठ मिटायची राहून जायची.

एकमेकांशी ते लढलेच नाहीत.
एकदाच, हरमाटानच्या धुळीत,
दोघं एकदम दुकानात आले.
खुर्ची एक.
बाकावरची पोरं श्वास धरून.
ओडार्टे म्हणाला, तुझा नंबर आधी.
आयिकू म्हणाला, छे, तुझा.
इतका वेळ चाललं ते,
की मधेच घुसलेल्या एका मासेवाल्याची
दाढी उरकून घेतली मी.