शोअर पास

रॉटरडॅमला मी एकच दिवस होतो.
सकाळी आठ ते रात्री आठ, कॅप्टनच्या सहीचा पास,
खिशात चाळीस गिल्डर,
सोबत मोचेमाडचा फिटर लोपीस,
ज्याला रस्ता सोडून सगळं ठाऊक असायचं.

त्या एका दिवसावर मी पंचवीस वर्षं काढली.
वेंगुर्ल्याच्या स्टँडवर रिक्षा लावून
भाडं नसलं की तो दिवस उघडतो,
तपकिरीची डबी उघडावी तसा.
पोरं म्हणतात, "आबा, ती वाकडी घरां सांगा."

वाकडी घरं: पिवळी, खांबांवर,
फासे टाकताना मध्येच कुणी थांबवलेत
आणि ते कोपऱ्यावरच उभे राहिलेत.
मी खाली मान दुखेस्तोवर उभा,
आत तांदळाचं पिंप कुठे ठेवत असतील?
पूल पांढरा, एका पायावर,
जाळं ओढणारा मागे रेलतो तसा रेललेला.
मासळीच्या गाडीवर बाईने हेरिंग दिला,
कच्चा, वर कांदा, शेपटीला धरून खायचा.
लोपीसने डोळे मिटले. मी खाल्ला.
घरी आल्यावर शालनला सांगितलं,
ती म्हणाली, आधी दात घास.

आणि एक म्हातारा, बाकावर.
त्याला विचारलं, जुनं गाव कुठे?
त्याने तळहात हवेत आडवा फिरवला,
टेबल पुसावं तसा,
मग बोट वर, आभाळाकडे.
विमानं, हे मला पुढे बोटीवर कुणीतरी सांगितलं.

यंदा पौषात कुडाळच्या एसटीतून एक बाई उतरली.
लिस्बेट. उन्हाने नाक लाल.
रात्री परतीची गाडी, हातात एकच दिवस,
"डच वखार," म्हणाली, आणि गाव विचारल्यावर,
"रॉटरडॅम."
मी ब्रेक मारला.
मागच्या डंपरवाल्याने माझ्या बापाचा उद्धार केला.

वखार म्हणजे काय, जांभ्याच्या भिंती,
छप्पर आभाळाचं, दारातून झाड आत गेलेलं,
एक म्हैस, वलंदेजांची वारस असल्यागत, सावलीत.
बाईने भिंतीला तळहात लावला
आणि बराच वेळ काढला नाही.
म्हणाली, आमच्या गल्लीत इतकं जुनं काही नाही.
मला तो आडवा फिरलेला हात आठवला.
म्हणावंसं वाटलं, तुमचं जुनं इथे पडलंय, बाये,
आमच्या रानात, करवंदीच्या जाळीत.
त्याला इंग्रजी जुळेना.
"येस मॅडम," म्हटलं.

मग बंदर, दीपगृह, नवाबाग.
तिथे गिरपांचे तीन माड गेल्या वर्षी समुद्राने नेले,
चौथा वाकून उभा आहे, नेणार कधी ते विचारत.
ती म्हणाली, माझं घर समुद्राच्या दोन मीटर खाली आहे.
मी म्हटलं, आणि झोप लागते?
पंप चालू असतात, म्हणाली. रात्रभर.
मी त्या पंपाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला.
इथे नुसती लाट होती.

दुपारी घरी नेलं. शालनने बांगडे तळले,
चांगले कडक,
आणि माझ्याकडे बघून हसली.

स्टँडवर एसटीची वाट बघताना बाईने विचारलं,
तुम्ही माझ्या गावात काय बघितलंत?
घरं सांगितली. पिंपाचं पण विचारलं.
ती म्हणाली, मी कधी आत गेलेलेच नाही.
रोज त्याच रस्त्याने कामाला जाते.
मी गप्प बसलो.
वखारीत मीसुद्धा आजच आत गेलो होतो.

आता ती तिकडे कुणाला सांगत असेल:
खाकी शर्टाचा माणूस, अचानक ब्रेक, म्हैस.
दरवेळी माडांची संख्या वाढत असेल.
सांगू दे.

पास अजून माझ्या ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्यांत.
परत आल्याची वेळ लिहायचा चौकोन
त्या रात्री घाईत कोराच राहिला.