वर जाणारा बाण

सोहार. रात्रीचे सव्वाअकरा.
फलज अल कबाइलच्या मागल्या गल्लीत
तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं, एक राउटर,
आणि स्क्रीनवर दोन बाण.
खाली येणारा धो धो.
वर जाणारा, सेकंदाला चौदा केबी.

घशात काटा अडकला
की आधी भाताचा गोळा गिळून बघतात,
तसा आधी राउटर बंद-चालू केला.
चौदाच.

पलीकडे कुणी ‘खेळ्या७१’ आहे.
माखजनकडचा असावा, कारण पहिलाच निरोप होता :
ब्याण्णव सालचं नमन आहे का, अख्खं?
आहे. माझ्याकडेच आहे.
एकेचाळीस कॅसेटी, कापसाने हेड पुसत
एकेक बाजू ऐकत उतरवलेल्या,
दोन रमजान आणि एक पुरा उन्हाळा.
नऊ दिवसांत तो त्रेसष्ट टक्क्यांवर पोचलाय.
आणि हे तुकडे ओळीने जात नाहीत :
त्याच्याकडे शेवटची आरती आहे, गणाची पहिली ओळ नाही,
मृदंग आहे, मृदंगवाल्याचा खोकला नाही,
संकासुराची नुसती टोपी आहे, अर्धी.

मी प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.
प्रवाह कमी झाला तर काय करायचं
हे मला कुणी शिकवू नये.
आधी मीटर खोटं बोलतंय का बघ,
मग गाळणी, मग व्हॉल्व्ह.
पाइपाला दोष सगळ्यात शेवटी.

मीटर : कंपनी विकते बिटात, सॉफ्टवेअर मोजतं बाइटात.
आठाने भागलं. तरी दोनशे उरायला हवेत.
गाळणी : अँटिव्हायरस घटकाभर झोपवला.
वायफाय सोडून केबल ओढली
शिनोजच्या खाटेखालून,
इफ्तिकारच्या बॅगांमागून, ज्या त्याने
मार्चपासूनच भरून ठेवल्यात.
चौदा.

मग कळलं, राउटर दोन आहेत.
आमच्या दाराला खालच्या किराणा दुकानात
आणखी एक दार, मालकाचं.
खाली जाऊन मोशर्रफभाईंना म्हटलं, पोर्ट बंद आहे.
ते म्हणाले, छे, दुपारीच तीन जहाजं लागली.
मग हसले, आणि काउंटरखालचा पासवर्ड दिला
सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला.
पोर्ट उघडला. हिरवा दिवा.
चौदा.

सेटिंगचं शेवटचं पान मी कधी बघत नाही,
तिथे आपणच असतो.

अपलोड मर्यादा : पंधरा.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर.
शिनोजची मुलगी थलश्शेरीत जन्मली होती चार दिवसांची
आणि इथे फोनच्या काचेत
जांभई देता देता गोठून राहिली होती,
तोंड उघडं, डोळे मिटलेले, चौकटी चौकटींची.
तो काही बोलला नाही. फोन कलता करून बघत राहिला,
जसं पाणी वाटेल तिकडून काढता येतं.
मी उठून पंधरा लिहिलं.
मग विसरलो.

प्लांटवर व्हॉल्व्ह बंद केला की टॅग लावतात :
कुणी, कधी, कशासाठी.
इथे टॅग नव्हता.

लगेच काढणार होतो मर्यादा.
पण भिंतीपलीकडून हलक्या मल्याळममध्ये
कोण कुणावर रुसलंय ते ऐकू येत होतं.
आता बायकोचा फोन.
इथे बारा म्हणजे तिकडे दीड,
तोवर संपतं रुसणं.

तर बारा ते पाच : शून्य.
शून्य म्हणजे मर्यादा नाही
असं या सॉफ्टवेअरचं गणित.
मला ते पटायला वेळ लागला.

बाराला दोन मिनिटं. चौदा.
बारा. चौदा.
बारा वाजून पाच सेकंद. एकोणनव्वद.
एकशे साठ. दोनशे अकरा.
पंख्याचा आवाज वाढला खोक्यातल्या.
खेळ्या७१ जागा होता,
काही लिहिलं नाही त्याने,
चौसष्ट झाले फक्त, मग पासष्ट.

झोपण्याआधी बॅगेतून पिवळा टॅग काढला,
राउटरला तारेने बांधला. रोमन अक्षरांत :
देवरुखकर. १२ ते ५. नमन.

सकाळी बूट घालता घालता
इफ्तिकारने तो वाचला आणि विचारलं,
हा नमन कोण, आणि रात्रीच का येतो?

खाली बसचा हॉर्न वाजत होता.
गावचाच आहे, म्हटलं.