नाव न घेता

तार्तूत डिसेंबर. साडेतीनलाच दिवे.
एन्द्ला टंकते: ॲट, महिरपी कंस, आत एकटा यू.
एवढ्यात भागतं.
पूर्ण लिहायचं तर ओरिजिन, तिरपी रेघ,
उर्मास, तिरपी रेघ, भरतीचं-वेळापत्रक-दोन,
आणि हमखास एक अक्षर चुकतं.

आमच्याकडे बायका असंच करायच्या.
नुसतं 'अहो',
की भरल्या घरात नेमका तोच माणूस मान वर करायचा.

उर्मास मार्चमध्ये गेला सारेमा बेटावर,
मेंढ्या पाळायला म्हणे.
त्याची शाखा मागाहून कुणीतरी पुसली.
हिची अजून तिलाच धरून:
आपण किती पुढे, किती मागे, मोजत.

आज सगळं ताजं करून यादी मागवली,
तर त्याच्या नावापुढे एकच शब्द: गेला.
यंत्राला 'येतो' म्हणायची रीत माहीत नाही.

दुसऱ्या कुणाला जोडायला एक ओळ पुरते.
ती लिहिली. खोडली.
उगाच पुन्हा ॲट, कंस, यू, कंस.
वर कुणी नाही, म्हणालं.

खिडकीखाली एमायोगी कडेकडेनं गोठत होती.
तिनं फोन काढला.
'उ' दाबताच
त्यानं नाव पुरं केलं.