रविवारची पाळी

तुर्कूत सकाळचे नऊ, अजून उजाडलेलं नाही.
नदी गोठलीय. बर्फावरून पाय घासत मी आलेय
एका परक्या बाईच्या पोटातलं काहीतरी
जेवू घालायला.

ओटीपोटात पाणी साचलं होतं तिच्या.
सोळा महिन्यांपूर्वी नळीनं काढलं, साडेतीन लिटर.
असं पाणी इस्पितळ ओतून देतं.
आम्ही बाटली घेऊन दारात उभे असतो.

अकरा जणींचं आणलं होतं.
दहा जणींच्या पेशी गोल झाल्या, तरंगल्या, संपल्या.
ज्या देहात कुणालाच आवरल्या नाहीत
त्या कुपीत आठवडाभर जगेनात.
अकरावीच्या तेवढ्या तळाला चिकटल्या.
तिला नाव नाही. झाकणावर निळ्या शाईत आकडा आहे.

गुलाबी द्रव पिवळा पडू लागला
की समजायचं, भूक लागलीय.

आई विइली लावायची, आमच्याकडचं दही.
जुन्या वाडग्यातलं चमचाभर नव्या दुधात.
ते विरजण तिच्या आजीनं युद्धात गाव सोडताना
फडक्यात भिजवून, वाळवून, उराशी धरून आणलेलं.
मी दुसरं काय करते?
चिकटलेल्यांना हळू सोडवते,
एका कुपीच्या चार करते.
आजचं हे बाविसावं विरजण.

ती त्याच हिवाळ्यात गेली.
नवरा मागाहून आला, तिची चालायची चौकट परत करायला.
ताउनो. जहाजाच्या कारखान्यात वेल्डर.
म्हणाला, बघता येईल का?
सूक्ष्मदर्शकाला त्यानं एकच डोळा लावला,
दुसरा सवयीनं घट्ट मिटलेला.
"ह्यांनीच?"
"ह्यांनीच."
बराच वेळ तो वाकून होता.
मला वाटलं, आता कुपी भिंतीवर फेकेल.
मी तरी फेकली असती.
मग टोपी घालता घालता विचारलं,
"रविवारी कोण बघतं ह्यांच्याकडे?"

मंगळवारी नवं औषध घालायचंय ह्यांच्यावर.
मरायला हव्यात, म्हणून आज पोटभर.
उपाशी पेशी खोटं बोलतात,
कशानंही मरतात,
आणि आम्ही उगाच टाळ्या वाजवतो.

जुना द्रव ओढून घेतला. नवा, कोमट, कडेकडेनं सोडला.
सदतीस अंशांत परत ठेवल्या, दार लोटलं.
बाहेर आता कुठे राखाडी उजेड.
वहीत लिहिलं: नऊ चाळीस, द्रव बदलला.
पुढे एक रकाना असतो, तब्येतीचा.
तिथं लिहिलं,
बऱ्या आहेत.