सातव्या पावलाला

त्सुगा चावते ती न सांगता.
आधीच्या मालकानं तिची गुरगुर
पट्ट्यानं झोडून झोडून काढून टाकली,
चावा तेवढा आत राहिला.

कुताईसीत, रिओनी नदीच्या काठी,
नेस्तान रोज तिच्यापासून दहा पावलांवर बसते,
पाठ अर्धी वळवून,
नजर पाण्यावर, मुठीत चीजचा तुकडा.
जीभ नाकावरून फिरली, की थांबायचं.
कान मागे गेले, की आपणही मागे.
डोळ्यांचं पांढरं दिसलं,
की आज इतकंच.

शेजारचा झाउर कुंपणावरून म्हणतो,
दोन ठेवून दे, सुधारेल आपोआप.
नेस्तान मनगट पुढे करते, चार टाके :
"सुधारलेलीच आहे ती."

बर्फ वितळायला लागलं तेव्हा
नऊ पावलं. मग कितीतरी दिवस आठच.
सातव्याला
त्सुगाच्या छातीत काहीतरी खरखरलं,
बंद पडलेला पंप पाणी ओढू लागतो तसं,
आणि वरचा ओठ थरथरत उचलला गेला.

नेस्तान जागच्या जागी थबकली.
"बरं," म्हणाली. "कळलं."
तुकडा तिथंच ठेवला,
आणि आठव्या पावलावर परत येऊन बसली,
बाहीनं डोळे पुसत,
वेड्यासारखी हसत.